चालकाच्या डोळ्यांवर साऱ्यांचा डोळा

गाडी चालवताना रस्त्यावरून नजर काढणारी माणसं दोन प्रकारची असतात: घुबड आणि सरडा. शेजारच्या सीटकडे किंवा मागे बसलेल्या पोराकडे बघताना जो अख्खी मान वळवतो, तो घुबड. चेहरा समोर, मान ताठ, आणि बुबुळं तेवढी मांडीवरच्या मोबाइलवर उतरलेली, तो सरडा. ही नावं कुणी कट्ट्यावर बसून ठेवलेली नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी चालकांच्या नजरेवर २०१६ साली जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ती आहेत. नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांतही आता घुबड आणि सरडा सुखाने नांदतात.

घुबड पकडणं सोपं आहे. डोकं किती वळलं एवढं कळलं की झालं. सरडा पकडायचा तर कॅमेऱ्याला अंधारात, चष्म्याच्या काचेतून, खड्ड्यांतून हादरत असताना बुबुळाची एखाद्या मिलिमीटरची हालचाल टिपावी लागते. या एका कामासाठी कॅनबेरा, गॉथेनबर्ग, स्टॉकहोम, गॉलवे आणि बॉस्टनमधल्या मंडळींनी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं आहे. त्यातून उभी राहिली चालकावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ड्रायव्हर मॉनिटरिंग सिस्टिम. धंद्यातले लोक तिला नुसतं डीएमएस म्हणतात.

पण गाडी आता स्वतःच लेन धरते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, वेळ आली की ब्रेकही मारते. मग चालकावर एवढी नजर कशाला?

नुसतं बघत बसणं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक गोष्ट सतावत होती. विमानातल्या रडारवर बसलेली तरणीताठी, शिकवून तयार केलेली मुलं पडद्यावरच्या पाणबुडीच्या खुणा हुकवत होती. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक विलक्षण घड्याळ बनवलं. त्यावर आकडे नाहीत, एकच काटा, दर सेकंदाला एक उडी मारणारा. मधूनच कधीतरी तो दुप्पट उडी मारायचा आणि ती दिसली की कळ दाबायची. एवढंच काम, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांकडून उड्या निसटू लागल्या. १९४८ साली हे निष्कर्ष छापून आले आणि एकाग्रतेच्या अभ्यासाची ती पायाभरणी ठरली.

अर्धस्वयंचलित गाडी चालकाला मॅकवर्थच्या घड्याळासमोरच बसवते. काही करायचं नाही, फक्त बघायचं, आणि महिन्यातून एकदा काटा दुप्पट उडाला की सेकंदभरात स्टिअरिंग हातात घ्यायचं. ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या वर्गवारीत ही पातळी २: गाडी मदत करते, जबाबदारी मात्र सगळी चालकाची. माणसाला नेमकी जी गोष्ट जमत नाही, ती या पातळीने त्याच्या गळ्यात मारली आहे.

गूगलला हे लवकर कळलं. २०१३ साली कंपनीने हायवेवर आपोआप चालणाऱ्या गाड्या आपल्याच कर्मचाऱ्यांना वापरायला दिल्या. लक्ष रस्त्यावर हवं, आत कॅमेरा आहे, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. तरी थोड्याच दिवसांत कॅमेऱ्यात दिसलं की कुणी मोबाइलशी खेळतंय, कुणी मेकअप करतंय, एकाचा तर चक्क डोळा लागलाय. गूगलने तो प्रयोग बंद केला आणि माणसाची गरजच नसलेली गाडी बनवायचं ठरवलं. तीच आजची वेमो. बाकीच्या जगाने मात्र मधला रस्ता धरला: गाडी अर्धी शहाणी करायची आणि माणूस जागा आहे की नाही हे बघायला कॅमेरा बसवायचा.

ही कल्पना रेल्वेवाल्यांना जुनी आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला डेडमॅन हँडल दाबून धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतात. लांब पल्ल्याच्या इंजिनांत व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं. लोको पायलटने साधारण मिनिटभर कुठलीच हालचाल केली नाही की आधी दिवा, मग आवाज, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक. मोटारीला ही अक्कल यायला कितीतरी वर्षं गेली.

फोटोतला लाल डोळा

या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आता सांगतो.

जुन्या फ्लॅश कॅमेऱ्यांनी काढलेल्या लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरी आणि करवल्या, सगळ्यांचे डोळे लालभडक येत. कारण साधं आहे. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला की त्याचा उजेड बाहुलीतून आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने परत लेन्समध्ये येतो. पडद्यामागे रक्ताचं जाळं, म्हणून रंग लाल. डिजिटल कॅमेरे आल्यावर हा लाल डोळा आपोआप शोधून पुसणारं सॉफ्टवेअर लागलं. त्यात नाव कमावलं आयर्लंडच्या गॉलवेशी नातं असलेल्या फोटोनेशन या कंपनीने.

लाल डोळा पुसायचा, तर आधी फोटोत डोळा सापडायला हवा. चेहरा कुठला, बाहुली कुठली, हे छोट्याशा चिपवर क्षणात ओळखण्यात ही मंडळी तरबेज झाली. २००८ मध्ये टेसेरा या अमेरिकी कंपनीने फोटोनेशन विकत घेतली. टेसेराची पुढे एक्सपेरी झाली आणि त्या घरात गाडीच्या आतल्या कॅमेऱ्यांचा ऑटोसेन्स नावाचा धंदा वाढला. २०२४ च्या सुरुवातीला तो स्वीडनच्या टोबीने उचलला. फॅमिली अल्बममधले डोळे नीट करणारी विद्या अशी फिरत फिरत स्टिअरिंगसमोर येऊन बसली.

आणि गंमत म्हणजे, ज्या परावर्तनाने फोटो बिघडायचे, तेच परावर्तन डीएमएसच्या कामाला येतं. इन्फ्रारेड दिवा लेन्सजवळ ठेवला की बाहुली लख्ख उजळते. लांब ठेवला की ती काळी गोल दिसते. दोन्ही तऱ्हांनी तिची कड स्पष्ट मिळते. शिवाय त्याच दिव्याचा एक बारीक ठिपका बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका मात्र जवळपास जागच्या जागी राहतो. त्या दोघांतलं अंतर मोजलं की नजर कुठे आहे ते कळतं. आरसा, मोबाइल, गाण्यांचा स्क्रीन, सगळं. सरडा इथे सापडतो.

सूर्याच्या उजेडातली फट

हा दिवा कुठल्या तरंगलांबीचा घ्यायचा, यावरही इंजिनिअरांनी बराच खल केला आहे. ८५० नॅनोमीटरचा दिवा कॅमेऱ्याला छान दिसतो, पण रात्री माणसालाही त्याची अंधूक लालसर चमक दिसते. समोर सतत लाल ठिपका कुणाला हवा? ९४० नॅनोमीटरचा दिवा माणसाला दिसतच नाही. त्याला आणखी एक वरदान आहे. हवेतली पाण्याची वाफ सूर्यप्रकाशातला नेमका त्याच टापूतला बराचसा भाग गिळून टाकते. म्हणजे भर दुपारी, तिरपं ऊन तोंडावर येत असतानाही या तरंगलांबीवर सूर्याचा गोंगाट कमी असतो आणि गाडीचा स्वतःचा दिवा उठून दिसतो. अडचण एवढीच की सिलिकॉनचा सेन्सर ९४० ला जरा मंद असतो, म्हणून सेन्सर बनवणाऱ्यांची वेगळीच शर्यत लागली.

टीव्हीच्या रिमोटमध्येही बहुधा ९४० नॅनोमीटरचाच दिवा असतो. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा; स्क्रीनवर जांभळट लुकलुक दिसेल. डीएमएस असलेल्या गाडीत चालकाच्या तोंडावर हाच उजेड दर सेकंदाला कितीतरी वेळा पडत असतो. बरेचसे गॉगलही त्याला अडवत नाहीत. आपल्याला काळी दिसणारी काच इन्फ्रारेडला पारदर्शक असू शकते. गॉगल लावून डुलकी काढणाऱ्याचे मिटलेले डोळे कॅमेऱ्याला अनेकदा स्वच्छ दिसतात, ते यामुळे.

पेंग मोजायची पट्टी

पेंगेलाही मोजमाप आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया टेकमधल्या वॉल्टर विअरविल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली परक्लोस नावाचं माप पुढे आणलं. ठराविक वेळात, समजा एका मिनिटात, पापणी ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेली किती वेळ होती, त्याची टक्केवारी. साधी उघडझाप यात धरत नाहीत. उघडझाप झटकन होते. झोपेची पापणी सावकाश उतरते आणि सावकाश वर जाते.

युरोपच्या कायद्यात दुसरी पट्टी आहे, स्वीडिश संस्थेच्या नावाची: कॅरोलिन्स्का निद्राळूपणा श्रेणी. १ म्हणजे टक्क जागा, ९ म्हणजे झोपेशी झगडा चाललेला. चालक ८ वर पोचला की गाडीने सावध करायलाच हवं.

आणि तो प्रसिद्ध कॉफीचा कप? मर्सिडीजने २००९ मध्ये आणलेल्या अटेन्शन असिस्टचा. त्यात कॅमेरा नव्हताच. प्रवासाच्या सुरुवातीच्या मिनिटांत गाडी तुमची स्टिअरिंग फिरवायची लकब शिकून घ्यायची. पुढे हात क्षणभर थबकून एकदम झटका बसायला लागला की पेंग आली असं समजून डॅशबोर्डवर कप उमटायचा. कॅमेऱ्याचा मान टोयोटाकडे जातो. २००६ साली जपानमधल्या लेक्सस गाडीत तिने स्टिअरिंग कॉलमवर कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवे बसवले. समोर अडथळा आणि चालकाची मान वळलेली, असं दोन्ही जुळलं की गाडी इशारा द्यायची. २००७ साली निसानने तर एक प्रायोगिक गाडी दाखवली. तिच्या गिअरच्या मुठीत आणि सीटांत दारू हुंगणारे सेन्सर, समोर चेहरा बघणारा कॅमेरा, आणि चालक पेंगला तर आवळणारा सीटबेल्ट. ती बाजारात आली नाही.

कॅनबेरा विरुद्ध गॉथेनबर्ग

या धंद्यातली खरी जुगलबंदी दोन कंपन्यांची.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या रोबोटिक्स प्रयोगशाळेतून २००० साली सीइंग मशीन्स बाहेर पडली. तिचे एक संस्थापक अलेक्झांडर झेलिन्स्की पुढे ऑस्ट्रेलियाचे प्रमुख संरक्षण शास्त्रज्ञ झाले. तिच्या एक वर्ष आधी, १९९९ मध्ये, स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये स्मार्ट आय सुरू झाली होती. गॉथेनबर्ग हे व्होल्वोचं गाव, सुरक्षेचं वेड तिथल्या पाण्यातच. दोघींनी सुरुवातीची बरीच वर्षं प्रयोगशाळांना नजर मोजायची उपकरणं विकून काढली. गाडीत कॅमेरा घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सीइंग मशीन्सने मग खाणींची वाट धरली. खाणीतले अजस्र डंपर, रात्रपाळी, तीच ती फेरी, आणि चालकाला डुलकी लागली तर होणारं नुकसान अफाट. कॅटरपिलर या यंत्रकंपनीने २०१३ मध्ये तिच्याशी हातमिळवणी केली. डोळे मिटले की सीट थरथरते, आवाज होतो, आणि चित्रफीत निगराणी केंद्रात जाते. दगडधुळीत तावून सुलाखून निघालेली ही विद्या २०१७ मध्ये कॅडिलॅक सीटी६ या आलिशान गाडीत आली. जनरल मोटर्सच्या सुपर क्रूझमध्ये मॅप केलेल्या हायवेवर स्टिअरिंग सोडून बसायची मुभा होती, अट एकच: नजर रस्त्यावर.

ही अट गाडी कशी पाळून घेते ते बघण्यासारखं आहे. स्टिअरिंगच्या वरच्या कडेला दिव्याची पट्टी असते. हिरवी असेपर्यंत सगळं ठीक. नजर फार वेळ हटली की हिरवी लुकलुकते. तरीही बघितलं नाही तर लाल, सोबत आवाज किंवा सीटचा थरथराट. त्यानंतरही दाद नसेल तर गाडी वेग कमी करत थांबते, चारी इंडिकेटर लावते आणि मदत केंद्राला फोन लावते. या यंत्रणेत सीइंग मशीन्सची जोडीदार होती टकाटा, सदोष एअरबॅगांमुळे २०१७ मध्येच दिवाळखोरीत गेलेली. पुढच्या वर्षी चीनच्या जॉयसन समूहाने तिचा बराचसा कारभार घेतला. डोळा बघणारं सॉफ्टवेअर तगलं, त्याला गाडीपर्यंत नेणारी बलाढ्य कंपनी बुडाली.

स्मार्ट आयने उडी घेतली २०२१ मध्ये. त्या एका वर्षात तिने दोन कंपन्या घेतल्या. त्यातली अफेक्टिवा बॉस्टनची, ७ कोटी ३५ लाख डॉलरला. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००९ साली राना अल कलिउबी आणि रोझलिंड पिकार्ड या दोघींनी ती उभी केली होती. कलिउबी मूळच्या कैरोच्या. चेहऱ्यावरचे भाव संगणकाला वाचायला शिकवायचे आणि त्यातून ऑटिझम असलेल्या मुलांना मदत करायची, ही त्यांची सुरुवातीची तळमळ. मग जाहिराती बघणाऱ्यांचे चेहरे वाचून कंपनीने पैसा मिळवला, आणि शेवटी तेच कसब चालकाच्या चेहऱ्याकडे वळलं. पोलस्टार ३ या विजेच्या गाडीत स्मार्ट आयची दोन कॅमेऱ्यांची यंत्रणा मूळ किंमतीतच येते.

तिसरी स्वीडिश खेळाडू टोबी, २००१ ची. हात हलत नाही, वाचा गेली आहे, अशा माणसांना नुसत्या नजरेने संगणक चालवता यावा यासाठी तिची उपकरणं जगभर वापरली गेली. ती शाखा २०२१ मध्ये वेगळी झाली. टोबी गाडीच्या बाजारात उशिरा उतरली, पण ऑटोसेन्स विकत घेऊन एकदम आत आली.

चार वर्षं वाट, मग गाडीमागे चार पैसे

या धंद्याचं अर्थकारण ताणून धरणारं आहे. गाडी कंपनी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते गाडी रस्त्यावर यायच्या दोन ते चार वर्षं आधी ठरवते. तो निर्णय मिळाला की पुरवठादार 'डिझाइन विन' मिळाल्याची दवंडी पिटतो आणि शेअर बाजार कान टवकारतो. पैसा मात्र गाड्या विकल्या जातील तसा, दर गाडीमागे थोडा थोडा येतो. दरम्यान इंजिनिअरांचे पगार द्यायचे असतात. म्हणून शोध अव्वल असूनही या कंपन्यांची तिजोरी वर्षानुवर्षं तंग राहिली आणि मोठे मासे घिरट्या घालू लागले.

२०२२ मध्ये कॅनडाच्या मॅग्नाने सीइंग मशीन्समध्ये पैसे घातले. मॅग्ना गाड्यांचे आरसे बनवते, आणि कॅमेरा लपवायला मधल्या आरशासारखी जागा नाही. २०२४ मध्ये फ्रान्सच्या वालेओने आपली बर्लिनमधली असाफस व्हिजन सीइंग मशीन्सला विकून टाकली. पुढे मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या मोटार विभागाने सीइंग मशीन्सचा जवळपास पाचवा हिस्सा घेतला. बॉश, डेन्सो, ह्युंदाई मोबिस असे दिग्गज आहेतच.

कॅमेऱ्याच्या जागेवरूनही चढाओढ आहे. स्टिअरिंग कॉलमवर बसवला तर चेहरा समोरून मिळतो, पण वळण घेताना स्टिअरिंगचा दांडा मध्ये येतो. आरशात बसवला तर शेजारचे आणि मागचेही दिसतात, मात्र खाली झुकलेल्या पापण्या वरून वाचाव्या लागतात. पुढचा बाजार मागच्या सीटचा आहे. उन्हात बंद गाडीत विसरलेलं मूल शोधणाऱ्या यंत्रणेला युरो एनकॅप २०२३ पासून गुण देते. माझ्या मते या धंद्यातलं ते सर्वांत मोलाचं काम ठरेल.

संत्र्याने फसलेली गाडी

कॅमेरा नको म्हणणारे काय वापरतात? स्टिअरिंगवर हाताचा जोर पडतोय का, एवढंच बघणारा सेन्सर. टेस्लाची ऑटोपायलट यंत्रणा बरीच वर्षं यावरच होती. मग लोकांनी स्टिअरिंगच्या फटीत संत्रं खोचलं, पाण्याची बाटली अडकवली. गाडीला वाटलं, हात आहे. ऑटोपायलट बडी नावाचं तयार वजनच बाजारात आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याला ते थांबवायचा आदेश काढावा लागला. २०२१ च्या एप्रिलमध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने बंदिस्त ट्रॅकवर दाखवून दिलं की स्टिअरिंगला वजनदार साखळी अडकवली तर चालकाच्या सीटवर कुणी नसतानाही टेस्ला चालत राहते.

डोळ्यांवर लक्ष ठेवण्याचा पर्याय इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये निरुपयोगी म्हणून झिडकारला होता. २०२१ च्या मे महिन्यात टेस्लाने आरशावरचा कॅमेरा त्याच कामाला लावला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत २० लाखांहून जास्त टेस्ला गाड्या चालकाच्या लक्षाच्या प्रश्नावरून रिकॉलमध्ये आल्या. दुरुस्ती सॉफ्टवेअरने झाली.

मात्र एकट्या टेस्लाला झोडपून उपयोग नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने अशा १४ यंत्रणा तपासल्या. ११ नापास, २ काठावर, आणि 'स्वीकारार्ह' शेरा मिळाला फक्त लेक्ससच्या टीममेटला. 'उत्तम' एकही नाही. हाताचा जोर मोजून लक्ष मोजता येत नाही, हे इतक्या पुराव्यानंतर तरी सगळ्या कंपन्यांनी मान्य करायला हवं.

गाणं, शिंक आणि हातभर दाढी

२०२२ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या एका वाहनप्रेमीने जाहीर तक्रार केली: माझे डोळे मुळातच लहान, आणि माझी एक्सपेंग गाडी मला सारखी झोपलेला समजते. तक्रार इतकी गाजली की कंपनीच्या प्रमुखांना उत्तर द्यावं लागलं. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. प्रयोगशाळेत जे चेहरे दाखवले, तेच यंत्र ओळखतं. बाकीच्यांना ते चुकीचं ठरवतं, आणि चुकीचे इशारे ऐकून वैतागलेला माणूस यंत्रणा बंद करून टाकतो.

म्हणून युरो एनकॅपची चाचणीची यादी वाचायला मजा येते. बुटके-उंच, तरुण-म्हातारे, निरनिराळ्या वर्णाचे, डोळे कमीजास्त उघडणारे चालक. चष्मा, गॉगल, मास्क, टोपी, कपाळावर आलेली झुलपं, पापण्यांचा मेकअप, १५० मिलिमीटरहून लांब दाढी. वर चालकाने खायचं, बोलायचं, हसायचं, गाणं म्हणायचं, डोळे चोळायचे, शिंकायचं. तेवढ्यातही कॅमेऱ्याने भान सोडायचं नाही, आणि दिसत नसेल तर तसं कबूल करायचं.

या बाजाराला खरा रेटा दिला युरोपच्या कायद्याने. पेंग ओळखणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. नजर भरकटली हे ओळखणारी यंत्रणा त्याच महिन्यापासून नव्या मॉडेलना, आणि ७ जुलै २०२६ पासून सरसकट सगळ्या नव्या गाड्यांना. नियम सोपा आहे: ताशी २० ते ५० किलोमीटर वेगात नजर ६ सेकंद खाली राहिली की इशारा, त्याहून जास्त वेगात साडेतीन सेकंद. पेंग स्टिअरिंगवरूनही ओळखता येते, नजर मात्र कॅमेऱ्याशिवाय कळत नाही. त्यामुळे एका कायद्याने या सगळ्या कंपन्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं.

त्याच कायद्यात आणखी एक उत्तम कलम आहे. चेहऱ्याची माहिती गाडीतल्या गाडीत राहायची, काम झालं की पुसली जायची, कुणा तिऱ्हाइताला मिळता कामा नये, आणि माणूस कोण हे ओळखायला तर ती वापरायचीच नाही. हे कलम किती गरजेचं आहे ते रॉयटर्सच्या २०२३ च्या बातमीने दाखवलं: टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांतली खासगी चित्रं २०१९ ते २०२२ या काळात आपापसांत फिरवली होती.

चाकण, पुणे आणि समृद्धी

आपल्याकडे महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत आयडेंटिटी नावाचा कॅबिन कॅमेरा मिळतो. तो पेंगणाऱ्या चालकाला जागं करतो, आणि त्याच कॅमेऱ्यातून सेल्फी आणि व्हिडिओ कॉलही होतात. बंगळूर आणि सॅन डिएगो अशा दोन घरांची नेट्राडाइन ही २०१५ ची कंपनी ट्रक आणि डिलिव्हरी व्हॅनसाठी कॅमेरे बनवते. अमेरिकेत ॲमेझॉनच्या व्हॅनमध्ये ते २०२१ पासून बसू लागले.

मात्र आपल्या रस्त्यावर या डोळ्याची गरज आलिशान मोटारीआधी बस आणि ट्रकला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि मोकळा. मोटारींना ताशी १२० ची मुभा. त्या वेगात सेकंदाला ३३ मीटर मागे पडतात; तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर आंधळा प्रवास. पहाटे तीन-चारच्या सुमाराला, सिग्नल नाही, गाव नाही, समोर तोच दुभाजक, अशा वेळी मॅकवर्थचं घड्याळ इथे रोज रात्री हजारो चालकांसमोर टिकटिकतं.

भारतापुरतं पेंग-इशारा यंत्रणेचं मानक लिहिलं गेलं आहे, एआयएस-१८४. ही मानकं तयार करणाऱ्या समितीचं कामकाज पुण्याच्या एआरएआय या संस्थेतून चालतं. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या मसुद्यात आठांहून जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्या आणि मालट्रक यांना ही यंत्रणा सक्तीची करायचा प्रस्ताव होता. आपल्या चाचणीच्या यादीत मफलर गुंडाळलेला चालक हवा, पगडी आणि फेटा हवा, तोंडात तंबाखूचा बार भरून एक गाल फुगलेला चालकही हवा. युरोपच्या यादीवर आपलं भागणार नाही.

आणि कॅमेऱ्याने टिपलेली पेंग जाते कुठे, हेही आत्ताच ठरायला हवं. ती चालकाच्या कानापर्यंत गेली तर जीव वाचतो. मालकाच्या मोबाइलवर गेली आणि महिनाअखेरीला पगारातून कापली गेली, तर चालक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावेल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली सुरुवात. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा कायदा तर १९६१ सालीच झाला होता. चालक सलग किती वेळ स्टिअरिंगवर बसला होता, हे या कॅमेऱ्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. तो हिशेब आधी ट्रकमालकाकडून आणि माल पाठवणाऱ्याकडून मागावा, चालकाच्या पापण्यांचा त्यानंतर.